वाचकांचे प्रश्न : ब्रिटनमधले भारतीय पुढे आणि पाकिस्तानी मागे, ते का?

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. भारतातून आणि पाकिस्तानातून माणसं एकाच वेळी, एकाच परिस्थितीत इंग्लंडला गेली, पन्नास वर्षांत भारतीय डॉक्टर-इंजिनिअर झाले, पार पंतप्रधान झाले, आणि पाकिस्तानी टॅक्सीच चालवत राहिले, म्हणजे हा सगळा संस्कारांचा आणि धर्माचा फरक, असं त्यात लिहिलंय. माझा भाचा लेस्टरला शिकतोय, तो म्हणतो मामा हे इतकं सोपं नाही, पण नीट समजावून त्यालाही सांगता येत नाही. आकडे खरे आहेत का? आणि खरे असतील तर कारण काय?
एक वाचक, सातारा

उत्तर : काका, भाचा बरोबर बोलतोय. फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही, पण त्याचं जे कारण फॉरवर्डमध्ये दिलंय ते टिकत नाही.

आधी फरक किती ते बघू. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतीय वंशाचे सुमारे १९ लाख आणि पाकिस्तानी वंशाचे सुमारे १६ लाख लोक होते, म्हणजे संख्येत फार अंतर नाही. पण २०१८ चे सरकारी पगाराचे आकडे घेतले तर गोऱ्या ब्रिटिश माणसाची तासाची मधली कमाई (म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना याहून जास्त मिळतं असा आकडा) १२.०३ पौंड, भारतीय वंशाच्या माणसाची १३.४७, आणि पाकिस्तानी वंशाच्या माणसाची १० पौंड. स्वतःचं घर असलेली कुटुंबं साधारण त्याच काळात भारतीयांत ७४ टक्के, गोऱ्या ब्रिटिशांत ६८, पाकिस्तान्यांत ५८. दाटीवाटीच्या घरात राहणारी कुटुंबं गोऱ्यांत २ टक्के आणि पाकिस्तान्यांत १८ टक्के. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाकिस्तानी वंशाची जवळपास निम्मी मुलं तिथल्या व्याख्येप्रमाणे गरिबीत वाढतात. हे आकडे वाचून कुणाला आनंद होत असेल तर त्याने एकदा त्या मुलांचा विचार करावा, ती तिथेच जन्मलेली आहेत आणि त्यांनी कुणाचंच काही वाकडं केलेलं नाही.

आता ते 'एकाच परिस्थितीत गेले' वालं वाक्य. खरी गडबड इथे आहे.

ब्रिटनमधल्या पाकिस्तानी समाजाचा फार मोठा भाग कराची-लाहोरचा नाहीच, तो पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मिरपूर आणि आसपासच्या डोंगराळ खेड्यांतला आहे. त्या भागातले पुरुष इंग्रजांच्या काळापासून बोटींवर कोळसा टाकायच्या कामाला जायचे, त्यामुळे इंग्लंडची वाट थोडी माहितीची होती. मग झेलम नदीवर मंगला धरण आलं, १९६७ मध्ये ते पूर्ण झालं, जुनं मिरपूर शहर आणि अडीचशेच्या वर गावं पाण्याखाली गेली, लाखभर माणसं उठली. तुम्ही साताऱ्याचे आहात, कोयनेत ज्यांची गावं बुडाली त्यांचं पुढे काय झालं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तसंच इथे. फरक एवढाच की यातल्या बऱ्याच जणांना ब्रिटनमध्ये कामाला जायची सोय झाली, कारण तिथल्या कारखान्यांना माणसं हवीच होती. जमीन थोडी, शाळा जेमतेम, इंग्रजी नाही, आणि जे नातेवाईक आधी गेलेले त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच गिरणीत हे लोक पोचले. ब्रॅडफर्ड, ओल्डहॅम, रॉचडेल, सगळी उत्तर इंग्लंडमधली लोकर आणि सुताच्या गिरण्यांची गावं. रात्रपाळी बहुतेक यांचीच, कारण महागडी नवी मशीनं चोवीस तास चालवायची होती आणि गोरे कामगार रात्री यायला तयार नव्हते.

आणि मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीत त्या गिरण्या बंद पडल्या. मुंबईत गिरणगावाचं काय झालं ते ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना कळेल की चाळीशीतला, एकच काम येणारा, शिक्षण नसलेला माणूस अशा वेळी कुठे जातो. ब्रॅडफर्डसारख्या गावांत तो टॅक्सीकडे गेला, टेकअवेकडे गेला. शिवाय वेळही वाईट, १९६२ पासून ब्रिटनने येण्यावर एकेक बंधनं आणली तसं 'दोन-चार वर्षं कमवून परत जाऊ' म्हणणाऱ्यांनी बायकामुलांना बोलवून घ्यायला सुरुवात केली, आणि अनेकांची कुटुंबं येऊन पोचेपर्यंत बापाची नोकरी जायला आलेली. संसार उभा राहिला तो बंद पडत चाललेल्या गावात. टॅक्सी चालवणं हा संस्कारांचा दोष कसा ते मला तरी कळलेलं नाही, त्या टॅक्सीवर आणि बसवर लोकांनी मुलं शिकवलीत, लंडनचे महापौर सादिक खान यांचे वडील पाकिस्तानातून आलेले बस ड्रायव्हरच होते.

दुसऱ्या बाजूला बघा. भाचा ज्या लेस्टरमध्ये आहे तिथली भारतीय वस्ती मोठ्या प्रमाणात पूर्व आफ्रिकेतून आलेली, बहुतेक गुजराती. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं, त्यातले सुमारे २८ हजार ब्रिटनला आले. पैसा अडका, दुकानं, घरं सगळं तिकडेच राहिलं, सुरुवातीला रिकाम्या लष्करी छावण्यांमध्ये राहावं लागलं, आणि लेस्टरच्या नगरपालिकेने तर युगांडाच्या पेपरात जाहिरात देऊन सांगितलं की आमच्या शहरात येऊ नका. त्यांनी सोसलं ते कमी नव्हतं. पण हातात पैसा नसला तरी डोक्यात बरंच काही होतं, इंग्रजी शाळेतलं शिक्षण, हिशेब, दुकान चालवायचा दोन-तीन पिढ्यांचा अनुभव, परवाने-बँका-सरकारी कागद यांची सवय. मिरपूरच्या शेतकऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. जप्त होऊ शकणारी संपत्ती आणि जप्त होऊ न शकणारी संपत्ती यात किती फरक असतो ते भारतीय दुकानांनी भरलेल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर आजही दिसतं.

ऋषी सुनक यांचे आईवडीलसुद्धा याच पूर्व आफ्रिकेच्या वाटेने आलेले, वडील डॉक्टर, आई फार्मासिस्ट. म्हणजे पंतप्रधानपदाचं जे उदाहरण फॉरवर्डमध्ये दिलंय ते शून्यापासून वर आलेल्या घराचं नाहीच.

आणि 'भारतीय' या रकान्यात हे एवढेच नाहीत. साठच्या दशकात तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला डॉक्टर कमी पडले तेव्हा आपल्या मेडिकल कॉलेजांतून माणसं गेली, नंतर २००० च्या आसपासपासून आयटीवाले, बँकवाले, शिकायला जाऊन तिथेच राहिलेले. यांना व्हिसाच मुळात डिग्री आणि पगार बघून मिळतो, ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पगार असेल तर यायलाच मिळत नाही. मग असे हजारो लोक दर वर्षी रकान्यात पडले की सरासरी वर जाणारच! ती सरासरी काही अंशी व्हिसाच्या खिडकीवरच तयार होते, आणि श्रेय मात्र संस्कारांना दिलं जातं.

त्याच रकान्यात पश्चिम लंडनमधल्या साऊथॉलचे पंजाबी कामगार आहेत, आणि १९७६ ते ७८ लंडनच्या ग्रनविक फोटो प्रोसेसिंग कारखान्यात संप करणाऱ्या साडीतल्या बायकाही आहेत, जयाबेन देसाई त्यांच्या पुढारी. तुटपुंजा पगार, सक्तीचा ओव्हरटाइम, याविरुद्ध त्या जवळपास दोन वर्षं लढल्या आणि संप हरल्या. भारतीय समाज आपोआप वर गेला असं म्हणणं म्हणजे या बायकांनी जे सोसलं ते पुसून टाकणं आहे, आणि मला त्याचा खरंच राग येतो.

धर्माचं म्हणणं तपासायचं तर अमेरिकेकडे बघा. तिथे १९६५ च्या कायद्यानंतर भारतातून आणि पाकिस्तानातून गेले ते दोन्हीकडचे डॉक्टर, इंजिनिअर, शिकलेले. आज तिथल्या पाकिस्तानी कुटुंबांचं मधलं उत्पन्न एकूण अमेरिकन कुटुंबांपेक्षा जास्त आहे, भारतीयांचं त्याहून जास्त, पण मागे कुणीच नाही. धर्म तोच, देश तोच, मग ब्रॅडफर्डमध्ये एक निकाल आणि अमेरिकेत दुसरा कसा? फरक आहे तो कोण गेलं, कुठल्या कामाला गेलं आणि कुठल्या गावात जाऊन पडलं याचा. युगांडातून हाकलल्या गेलेल्यांत गुजराती मुसलमानही होतेच, इस्माइली खोजे तर हजारोंनी कॅनडात गेले आणि तिथे चांगले स्थिरावले.

रीतीभातींचा भाग अजिबातच नाही असंही मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. २०१९ च्या आसपास भारतीय वंशाच्या दहातल्या सुमारे सात बायका नोकरी-धंदा करत होत्या, पाकिस्तानी आणि बांगलादेशी मिळून दहातल्या चार. घरात दोन पगार येतात की एक याने फार फरक पडतो. पण हेही खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीत जास्त आहे, तिथेच शिकलेल्या मुली वेगळ्या वाटेने जाताना दिसतात, पाकिस्तानी वंशाच्या मुली आज गोऱ्या मुलींपेक्षा जास्त प्रमाणात युनिव्हर्सिटीत जातात. पुढची अडचण मग नोकरीच्या दारात असते. ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजमधल्या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे, फक्त नाव वेगळं असलेले अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून बघितले, २०१९ मध्ये त्याचा निकाल आला, पाकिस्तानी नावाच्या उमेदवाराला गोऱ्याइतकीच उत्तरं मिळवायला ७० टक्के जास्त अर्ज करावे लागत होते.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. अशा तुलनेत बांगलादेशी लोक नेहमी सगळ्यात तळाला दाखवतात, पण त्यांची मुलं तिथे शाळेत गोऱ्या मुलांच्या पुढे गेली असं मी कुठेतरी वाचलं. गरीब घरातली मुलं हे कसं करतात?
एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, वाचलेलं खरं आहे. लंडनमधले बांगलादेशी बहुतेक बांगलादेशातल्या सिल्हेट भागातले, आधी बोटींवरचे खलाशी, मग पूर्व लंडनमध्ये ब्रिक लेनच्या आसपास कपडे शिवायच्या कारखान्यांत, मग रेस्टॉरंटच्या धंद्यात. कुटुंबं आली ती पाकिस्तान्यांच्याही नंतर, म्हणून गरिबीही जास्त, २०१८ मध्ये तासाची मधली कमाई ९.६० पौंड आणि दाटीवाटीने राहणारी कुटुंबं २४ टक्के. त्यांची मोठी वस्ती असलेला टॉवर हॅम्लेट्स हा भाग १९९७ मध्ये शाळांच्या निकालात देशात अगदी शेवटच्या नंबरवर होता.

मग तिथे पैसा ओतला गेला, चांगले हेडमास्तर आणले, घरी बंगाली बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीसाठी वेगळी मदत दिली, आईवडिलांना शाळेत बोलवून बोलवून जोडून घेतलं, २००३ पासून लंडन चॅलेंज नावाची सरकारी योजना आली. दहा-पंधरा वर्षांत त्या शाळा देशाच्या सरासरीच्या वर गेल्या, आणि आज देशभरात सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत बांगलादेशी मुलांचे सरासरी गुण गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा जास्त असतात. घर तेच, धर्म तोच, मसाल्याचा वास तोच, बदलली ती शाळा. तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण शाळेने काही होत नाही, घरचं वातावरणच लागतं, असं म्हणणारे आपल्याकडेही खूप आहेत. अर्थात लंडनमध्ये असण्याचा फायदाही झाला, शिकून बाहेर पडलं की शहरात नोकऱ्या आहेत, ब्रॅडफर्डच्या मुलाला तेवढ्या नाहीत. तरीही मार्कांची बरोबरी पगारात अजून उतरलेली नाही, तिथे वेळ लागतोय आणि नाव बघून अर्ज बाजूला ठेवणारेही आहेतच.

प्रश्न : मुलगी बर्मिंगहॅमला नोकरीला गेलीय. तिथल्या मराठी माणसांची परिस्थिती कशी आहे याचे वेगळे आकडे मिळतात का? आणि असे तक्ते वाचताना नेमकं काय बघायचं?
एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मराठी असा वेगळा रकाना पगाराच्या किंवा घरांच्या तक्त्यात नसतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, म्हणजे मराठी माणसं तिथे जुनी आहेत, पण सरकारी तक्त्यात ती 'भारतीय' मध्येच मिसळलेली. जनगणनेत मुख्य भाषा विचारतात, तिथे मराठी लिहिणारे मोजले जातात, मात्र ज्यांच्या घरी आता इंग्रजीच चालते ते त्यातून सुटतात.

तक्ता वाचताना पहिल्यांदा बघा की सरासरी दिलीय की मधला आकडा, कारण मोजक्या अतिश्रीमंत लोकांमुळे सरासरी फुगते. मग वय बघा, पाकिस्तानी आणि बांगलादेशी समाज वयाने तरुण आहे आणि तरुणांचा पगार कुठेही कमीच असतो. मग तिथेच जन्मलेले आणि बाहेरून आलेले वेगळे केलेत का ते बघा, तिथे जन्मलेल्यांमध्ये अंतर बरंच कमी होतं. आणि गाव कुठलं ते तर बघाच, लंडनचा पगार आणि ब्रॅडफर्डचा पगार एका रांगेत ठेवून समाजांची तुलना होत नाही. आणि तक्ता कुटुंबाच्या उत्पन्नाचा असेल तर तो आकडा घराचं भाडं किंवा हप्ता वजा करून दिलाय की आधीचा, हे तक्त्याखालच्या बारीक अक्षरात असतं.