कँडी ते एला एका दिवसात: यादीतली निम्मी ठिकाणं आधी खोडा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं, दहा वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. मुक्काम कँडीत. एक दिवस खासगी गाडी करायची, श्रीलंकेचा डोंगराळ भाग बघायचा आणि रात्री कँडीला परतायचं. गाडीवाल्याच्या यादीत अकरा ठिकाणं आहेत: पेरादेनियाची बाग, मसाल्याची बाग, रंबोडा धबधबा, हनुमान मंदिर, चहाचा कारखाना, नुवारा एलिया, ग्रेगरी तलाव, सीता मंदिर, हक्गला उद्यान, नाइन आर्च पूल आणि रावण धबधबा. तुम्ही विचारताय, हे सगळं होईल का, आणि फेब्रुवारी बरा की मे?

होणार नाही. गाडीवाला खोटं बोलतोय असंही नाही. तो तुम्हाला अकराही ठिकाणी नेईल, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं उतरवेल आणि रात्री उशिरा हॉटेलवर सोडेल. त्यातलं काय लक्षात राहील हा भाग वेगळा.

कोलंबोत कामानिमित्त राहत असताना हा रस्ता मी स्वतः केला आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही करवला. त्यामुळे सांगतो, इथे किलोमीटर मोजू नका, तास मोजा. कँडी ते नुवारा एलिया जेमतेम ७५-८० किलोमीटर आहे, पण अडीच ते तीन तास धरा. कँडी साधारण ५०० मीटर उंचीवर आहे आणि नुवारा एलिया जवळपास १,९०० मीटरवर, म्हणजे चढ आणि वळणं. पुढे वेलिमडा, बंडारवेला करत एलाला (नाइन आर्च पूल आणि रावण धबधबा याच गावाजवळ आहेत) आणखी दोन तास. तिथून परत कँडी म्हणजे पाच तास. न थांबता केलं तरी दहा तास गाडीत, आणि परतीचा बराचसा रस्ता अंधारात.

अंधाराचं मुद्दाम सांगतोय. ११ मे २०२५ च्या पहाटे याच कँडी-नुवारा एलिया पट्ट्यात, कोत्मलेजवळच्या गेरंडी एला भागात बस दरीत कोसळून वीसहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एला-वेल्लवाया रस्त्यावर रात्री दुसरी बस दरीत गेली, त्यात पंधरा जण दगावले. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाहीये. पण दिवसभर चालवून दमलेल्या ड्रायव्हरला रात्री घाट उतरायला लावू नये, एवढा नियम पाळाच. तिकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो आणि डोंगरात त्याच्या आधीच अंधारतं.

म्हणून पहिली सूचना: परत येऊच नका. कँडीचं हॉटेल सोडा, सामान गाडीत टाका आणि त्या रात्रीचा मुक्काम एलाला करा. गाडीवाला रिकामा परत जाणार, त्यामुळे तो परतीचं भाडं धरूनच दर सांगेल, पण एका दिवसात जाऊन-येऊन करण्यापेक्षा ते फार महाग पडत नाही. कँडीचं बुकिंग बदलता येणार नसेल, तर एला, नाइन आर्च, रावण धबधबा हे विसरा आणि सीता मंदिरापासून मागे फिरा. तोही छान दिवस होतो.

आता रस्त्याबद्दल. सकाळी साडेसहाला निघा. सातनंतर शाळेच्या गाड्यांनी कँडी तुंबतं आणि पहिला तास गावातच जातो. पेरादेनियाची बाग सुंदर आहे, पण तिला अर्धा दिवस हवा, ती कँडीतल्या दिवसात घ्या. मसाल्याची बाग सरळ खोडा. दालचिनी आणि मिरीचा वेल कोकणातल्या माणसाला दाखवायला कशाला हवा? खरा कार्यक्रम शेवटी दुकानात असतो, जिथे गुडघेदुखीचं तेल सासूबाईंच्या गळ्यात मारतील.

गंपोला मागे पडलं की चढ लागतो. पुस्सेलावाच्या पुढे डाव्या-उजव्या हाताला चहा सुरू होतो आणि खाली कोत्मले धरणाचं पाणी दिसायला लागतं. खासगी गाडीचा उपयोग खरा इथे आहे, जिथे पाटी नाही, तिकीट नाही, फक्त कडेला गाडी उभी करण्यापुरती जागा आहे. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की, ‘मी थांब म्हटलं की पुढची सुरक्षित जागा बघून थांबायचं.’ बहुतेक प्रवासी यादीच्या मागे असतात म्हणून हे ड्रायव्हर आपणहून थांबत नाहीत.

रंबोडा धबधबा १०९ मीटरचा आहे. रस्त्यावरूनही दिसतो, खाली उतरायला पायऱ्या आहेत, पण सासूबाईंनी उतरू नये. वरच्या एखाद्या हॉटेलात चहा घेत बसल्या तरी त्यांना तो दिसेल. चिन्मय मिशनने बांधलेलं हनुमान मंदिर याच भागात आहे. मूर्ती मोठी, परिसर स्वच्छ आणि समोर दरी. वीस मिनिटं पुरतात. एक गंमत सांगतो. काही गाडीवाले या दिवसाच्या जाहिरातीत सेंट क्लेअर आणि डेव्हन धबधब्यांचे फोटो टाकतात. ते दोन्ही हॅटनकडच्या रस्त्यावर, तलवकेलेजवळ आहेत, रंबोड्याच्या रस्त्यावर नाहीतच. तुमच्या यादीत ते नाहीत, म्हणजे तुमचा माणूस निदान रस्ता ओळखतो.

मुलीला गाडी लागते असं लिहिलंय. पुस्सेलावा ते रंबोडा आणि तिथून वर नुवारा एलिया, हे दोन टप्पे त्रासाचे. तिला पुढच्या सीटवर किंवा मधल्या रांगेत बसवा, मोबाइल हातात देऊ नका, पोटभर नाश्ता निघताना नको, रंबोड्यानंतर द्या. गोळी द्यायची तर वजनाप्रमाणे डोस आधी डॉक्टरांना विचारून घ्या, आणि निघण्याआधीच द्या. उलटी झाल्यावर देऊन काही उपयोग नसतो.

चहाचा कारखाना एकच बघा. लाबुकेली अगदी रस्त्यावर आहे. पानं वाळवणं, पिळणं, आंबवणं, भाजणं आणि चाळणं, हे सगळं अर्ध्या तासात कळतं. रविवारी आणि पौर्णिमेला (तिकडे ‘पोया’, दर महिन्याची सरकारी सुट्टी) बऱ्याचदा यंत्रं बंद असतात, तेवढी तारीख बघून घ्या. खरेदीचं म्हणाल तर उंचावरचा नुवारा एलिया चहा आपल्यासारखा आलं-दूध घालून उकळायला घेऊ नका, त्याचा सगळा सुगंध मरतो. तो कोरा प्यायचा. आपल्या पद्धतीच्या चहासाठी बीओपीएफ किंवा डस्ट या बारीक प्रतीचा, खालच्या पट्ट्यातला कडक चहा घ्या, तो स्वस्तही पडतो.

या मळ्यांबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण खिडकीतून नुसती हिरवळ बघून पुढे जाणं मला पटत नाही. हे डोंगर आधी कॉफीचे होते. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ मध्ये कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यात १९ एकरांवर चहा लावला, तेव्हा तो जवळपास प्रयोगच होता. दोनच वर्षांनी, १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा रोग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत कॉफी संपली. तिची जागा चहाने घेतली. मजूर तामिळनाडूतून आणले होते, त्यांचीच पुढची पिढी आज पानं खुडते. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने यातल्या बहुतेकांचं नागरिकत्व नाकारलं गेलं. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि तिकडच्या पंतप्रधान सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यात माणसांची दोन देशांमध्ये आकड्यांनी वाटणी झाली, काही लाख लोक भारतात पाठवायचे ठरले. उरलेल्यांचा प्रश्न पुरता सुटायला २००३ उजाडलं. रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराच्या लांबलचक चाळी दिसतात, त्या यांच्याच ‘लाइन’ खोल्या, आणि मळ्यामळ्यांतली रंगीत गोपुरांची छोटी देवळंही यांचीच. मुलीला एवढं सांगितलंत तर ती तो डोंगर वेगळ्या नजरेने बघेल. फोटोचं म्हणाल तर ठरलेल्या थांब्यांवर टोपली घेऊन उभ्या असलेल्या बायका पैसे घेऊन फोटो देतात, तो सरळ व्यवहार आहे. पण उतारावर काम करणाऱ्या बायकांची मजुरी खुडलेल्या वजनाशी जोडलेली असते, त्यांना हाका मारून थांबवू नका.

नुवारा एलिया गावात फार वेळ घालवू नका. लाल विटांचं जुनं पोस्ट, घोड्यांचं मैदान, ग्रेगरी तलाव, हे गाडीतून दिसतं. तलावावर बोटिंगला उतरलात की तासभर गेलाच, आणि आपल्याकडच्या कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणी ते मिळतं. स्वेटर मात्र हाताशी ठेवा.

आता मुख्य पेच: रेल्वे की सीता मंदिर? नुवारा एलियाचं स्टेशन नानू ओया, गावापासून आठ-नऊ किलोमीटरवर. तिथून एलापर्यंतचा अडीच-तीन तासांचा रेल्वेप्रवास हा या सगळ्या भागातला सर्वांत देखणा तुकडा. वाटेतलं पट्टिपोला जवळपास १,९०० मीटरवर आहे, देशातलं सर्वांत उंच स्टेशन. सीता मंदिर मात्र उलट्या दिशेला, बदुल्ला रस्त्यावर पाचेक किलोमीटरवर. रेल्वेने गेलात तर मंदिर आणि शेजारचं हक्गला मागे राहतं.

तुमच्या घरासाठी मला सुचतं ते असं. तुम्ही आणि लेक नानू ओयाला रेल्वेत बसा. सासूबाई आणि यजमान खासगी गाडीने सामानासकट सीता मंदिर करून एलाला येतील. तिथल्या रेल्वेचे डबे फलाटापासून उंच असतात, दुखऱ्या गुडघ्यांनी चढउतार नको. मंदिर रस्त्यालगत, थोड्या पायऱ्या उतरून, ओढ्याकाठी आहे. मंदिर लहान आहे हे सासूबाईंना आधी सांगून ठेवा. अशोकवन म्हणून मनात मोठं चित्र घेऊन येणारी मंडळी हिरमुसतात. तिथला ओढा आणि मागचं हक्गलाचं रान बघत पंधरा मिनिटं बसल्या तर त्यांना आवडेल.

रेल्वेचं आरक्षण साधारण तीस दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. शिवाय नोव्हेंबर २०२५ अखेरच्या दित्वा चक्रीवादळात या डोंगरात प्रचंड दरडी कोसळल्या, रस्ते आणि रेल्वेमार्ग दोन्ही ठिकठिकाणी तुटले. त्यामुळे कुठली गाडी कुठून कुठे धावतेय ते तुमच्या तारखेच्या आठवड्यात हॉटेलला विचारा, जुन्या ब्लॉगवर विसंबू नका. रेल्वे नसेल तर सगळेच मंदिरमार्गे जा, रुखरुख नको. वेलिमड्याकडचा उतार आणि भाजीचे मळे रेल्वेतून दिसत नाहीत.

एलाला चारपर्यंत पोहोचलात तर नाइन आर्च पूल त्याच संध्याकाळी. १९२१ चा, ९१ मीटर लांब, दगड-विटांचा, पोलाद न वापरता बांधलेला. पायवाट उतरावी लागते. सासूबाईंसाठी वरच्या बाजूच्या कॅफेतून पूल दिसतो. रावण धबधबा दुसऱ्या दिवशी, तो एलापासून वेल्लवायाच्या रस्त्याला आहे.

फेब्रुवारी की मे? फेब्रुवारी. या एका दिवसात तुम्ही डोंगराची एक बाजू चढून दुसऱ्या बाजूला उतरता, आणि दोन्ही बाजूंचा पाऊस वेगळा. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मान्सून रंबोड्याच्या बाजूला कोसळतो, तेव्हा वेलिमडा-एला त्यामानाने कोरडं असतं. महाबळेश्वर आणि वाईचं नातं आहे तसंच. डिसेंबर-जानेवारीत उलट, एलाच्या बाजूला पाऊस. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन्हीकडे बहुतेक उघडीप मिळते. दुपारी ढग येतातच, म्हणून सगळं बघायचं ते सकाळी. आणि एप्रिलच्या मध्यात, त्यांच्या नववर्षाला, नुवारा एलियात पाय ठेवायला जागा नसते.

गाडी ठरवताना सेडान नको. चार माणसं आणि सामान म्हटल्यावर डिकी पुरत नाही, हायब्रीड गाड्यांची तर आणखीच लहान असते. केडीएच (टोयोटाची मोठी) व्हॅन मागा, तिकडे हेच नाव चालतं. दर माणशी नव्हे, गाडीमागे ठरवा. इंधन, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण आणि परतीचा रिकामा फेरा त्यात धरला आहे ना, ते व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. दुकानात थांबायचं नाही हेही लिहून टाका. ड्रायव्हरची कमाई बरीचशी दुकानांच्या कमिशनवर असते, तेव्हा ते बुडवताय तर संध्याकाळी बक्षिसी सढळ हाताने द्या. आगाऊ पूर्ण रक्कम मात्र कुणालाही पाठवू नका.

शाकाहाराचं विचारलंत. नुवारा एलियात दक्षिण भारतीय शाकाहारी हॉटेलं आहेत, दुपारचं जेवण तिथेच उरका. इतरत्र वरण म्हणजे ‘परिप्पू’, तांदळाच्या शेवया म्हणजे ‘इंदिअप्पा’ सहज मिळतात. नारळाची चटणी, ‘पोल सांबोल’, विचारूनच घ्या, त्यात वाळवलेल्या माशाचा चुरा घालण्याची पद्धत आहे. त्याला ‘उंबलकड’ म्हणतात. ‘उंबलकड नको’ म्हटलं की लगेच समजतं. गाडीवाल्याचा नवा आराखडा आला की मला पाठवा, वेळा बघून सांगतो.