फक्त तबला बंद करून मनगट बरे होईल का?

तुमचा प्रश्न वाचताना माझे जुने दुखणे जसेच्या तसे समोर आले. दिवसभर संगणकावर काम, संध्याकाळी तबल्याचा रियाज, रात्री त्याच रियाजाच्या ध्वनिमुद्रणाची काटछाट, आणि आता उजव्या मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला माउस धरतानाच नव्हे, तर तबल्यावर ‘ना’ हा बोल वाजवतानाही येणारी कळ. तबला दोन महिने बंद ठेवण्याचा सल्ला मिळाला आहे, तो पाळावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही आणि तुमचा हात मी पाहिलेला नाही, तेव्हा पुढचे सारे एका तबलावादकाचा अनुभव म्हणूनच वाचावे. खुर्चीची उंची, पडद्याची पातळी, अधूनमधून उठणे या गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच, म्हणून त्या सोडून देतो.

माझे सर्वांत मोठे नुकसान दुखण्याने केले नाही, ते एका चिठ्ठीने केले. मी ज्या रुग्णालयात गेलो तिथे मनगटाचा एक्स-रे काढला आणि तो निर्दोष आला. वास्तविक एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, कंडरांची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांची) किंवा त्यांच्या आवरणांची सूज त्यात दिसत नाही. तरीही हात दिवसभर आणखी काय काय करतो, हे कोणी विचारले नाही आणि चिठ्ठीवर एवढेच लिहिले की तबलावादन बंद ठेवावे. ती चिठ्ठी घेऊन मी माझ्या कार्यालयातील संबंधित विभागाकडे वेगळा कीबोर्ड आणि हाताला बेताचा माउस मागितला, तेव्हा त्यांनी त्याच ओळीवर बोट ठेवून सांगितले की दुखणे छंदामुळे झालेले आहे, कामामुळे नाही, सबब साहित्य मिळणार नाही. रुग्णालयाने संगणक पाहिला नाही, कार्यालयाने तबल्यापलीकडे पाहिले नाही, आणि मी मात्र तबला झाकून ठेवून तोच लॅपटॉप, तोच माउस रोज वापरत राहिलो. साहजिकच दुखणे वाढत गेले. तबल्यातील विशारद या पदवीची प्रात्यक्षिक परीक्षा त्या वर्षी हुकली. आजही हे लिहिताना मला राग येतो, कारण एक वाक्य जास्त लिहिले असते तर हे सारे टळण्याजोगे होते.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या हातात चक्क माउस दिला, मग टेबलावर ‘तिरकिट’ वाजवून दाखवायला सांगितले, आणि दोन्ही कामांत दुखरी जागा एकच असल्याचे दाखवून दिले. अंगठा बाजूला नेणाऱ्या आणि उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात आणि त्यांच्यावरचा ताण साचत गेला की तिथे दुखू लागते. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्येच या विकाराचे वर्णन करून ठेवलेले आहे. तुम्हाला तेच झाले आहे, असे मी म्हणणार नाही, ते तपासणाऱ्यानेच ठरवावे. पण कंडरेला नोकरीचा तास आणि रियाजाचा तास वेगळा कळत नाही, तिच्या लेखी सारी बेरीज एकच असते. त्या बेरजेत मोबाइलवर अंगठ्याने सरकवणे येते, तबला मिळवताना हातोडी घट्ट धरणे येते आणि तबल्याची जड पिशवी उचलणेही येते.

म्हणून माझा आग्रह असा की पुढच्या भेटीपूर्वी आठवडाभर हाताच्या सर्व कामांची नोंद ठेवा, तुम्ही वाजवत असतानाची छोटी चित्रफीत आणि टेबलाचे छायाचित्र सोबत न्या, आणि चिठ्ठीवर संगणकाच्या कामाचा स्पष्ट उल्लेख करण्याची विनंती करा. विश्रांती सांगितली असेल तर ती जरूर पाळा, मात्र माउसचे काम तेवढेच ठेवून केवळ तबला थांबवणे ही विश्रांती नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

माउस डाव्या हाताने वापरा, असे अनेक जण सांगतील. इतर वाद्यांचे मला माहीत नाही, पण तबलावादकाने हे जपून करावे. डग्ग्यावर, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या वाद्यावर, मींड (घसरता स्वर) काढताना डाव्या मनगटावर आधीच दाब येत असतो, आणि त्याच मनगटावर दिवसभराचे ओझे टाकले तर दुसरे दुखणे ओढवू शकते. त्यापेक्षा माउसचे काम मुळातच कमी करणे बरे. ध्वनिमुद्रणाची काटछाट ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर ओढाओढ न करता आधी सलग ऐका आणि हवे तिथे कंट्रोल व एम या कळा दाबून खूण टाका. स्पेसबारने वाजवणे-थांबवणे होते. कापाकापी नंतर एका बैठकीत उरकते. कीबोर्डच्या मागचे पाय मिटवून ठेवा, कारण ते उघडले की मनगट वर वाकते. माझ्या बाबतीत उभ्या पकडीच्या माउसने आराम पडला, पण विकत घेण्याआधी कोणाचा तरी वापरून पाहावा.

रियाज पुन्हा सुरू कराल तेव्हा आधी विलंबित, म्हणजे संथ, लयीतला ठेका थोडा वेळ वाजवा आणि ‘धिरधिर’सारखे जलद बोल सर्वांत शेवटी घ्या. तबल्याखालची चुंबळ अशी बसवा की हात पुडीवर (तबल्याच्या कातड्यावर) येताना मनगट मुडपणार नाही. ‘हात दुखल्याशिवाय हात तयार होत नाही’ हे आपल्याकडे अनेकांना पटलेले असते, मला ते मान्य नाही. कोपरापासून खाली हात भरून येणे वेगळे, ते थांबल्यावर उतरते. सांध्याजवळ एकाच जागी कळ येणे, ती दुसऱ्या सकाळीही शिल्लक असणे, ही थांबण्याची खूण आहे. आणि रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, बोटे बधिर होत असतील किंवा पकडीतला जोर कमी झाला असेल, तर प्रश्न नसेचा (मज्जातंतूचा) असू शकतो. अशा वेळी माझ्यासारख्यांच्या उत्तराची वाट न पाहता याच आठवड्यात तपासून घ्या.