घराण्यात कोणालाच किडनीचा विकार नाही, मग बाळाला आनुवंशिक एआरपीकेडी कसा झाला? पुढच्या बाळालाही होईल का?

आपली मुलगी दोन महिन्यांची आहे आणि दोन्हीकडच्या घराण्यांत एआरपीकेडी, म्हणजे किडन्यांत पाण्याच्या बारीक पिशव्या होण्याचा हा जन्मजात आजार, कोणी ऐकलेलाही नाही, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. अमळनेर तालुक्यात राहणारा, याच आजाराच्या पाच वर्षांच्या मुलाचा बाप आहे.

आजाराचे मूळ सहाव्या गुणसूत्रावरील पीकेएचडी१ या जनुकात असते. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी काम भागवते, म्हणून आईवडील ठणठणीत राहतात आणि घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या काही दिसत नाही. दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत आली, तरच बाळाला आजार होतो. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने २५ टक्के असते; एकाला झाला म्हणून पुढची तीन सुटतील, असा हिशेब येथे चालत नाही. नात्यातल्या लग्नांत धोका वाढतो, पण आमचे लग्न नात्यातले नव्हते. आमच्या घरी दोष आधी ग्रहणाला आणि मग अर्थातच सुनेला लागला. माझी आई कानबाईला नवस बोलली, त्याला माझी हरकत नव्हती, मात्र निम्मा वाटा माझा आहे हे तिला पटवायला वर्ष गेले.

पुढच्या बाळाचा विचार असेल, तर मुलीच्या रक्ताची जनुकीय तपासणी आताच करून घ्या. आम्ही ‘आधी मूल सांभाळू’ म्हणत ती लांबवली, आणि दुसऱ्या वेळी दिवस गेल्यावर अहवालाची वाट पाहण्यातच आठवडे संपत गेले. नेमका बिघाड ठाऊक असला, तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलावरून गर्भाची तपासणी होऊ शकते. केवळ सोनोग्राफीवर विसंबू नका. पाचव्या महिन्यापर्यंत किडन्या नेहमीसारख्या दिसू शकतात.

मुलीच्या बाबतीत सर्वांत जास्त लक्ष रक्तदाबावर ठेवा. तान्ह्याच्या दंडाला बसेल असा लहान पट्टा तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही. आम्ही तो विकतच घेतला, आणि तो खर्च मला कधी जड वाटला नाही. तापासाठी आयबुप्रोफेन असलेले औषध देऊ नका, कारण ते किडनीला घातक ठरू शकते. हा आजार यकृतातील पित्तनलिकांनाही धरतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. म्हणून पुढे कधी डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी किंवा कारण न सापडणारा ताप दिसला, तर सकाळच्या गाडीची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.