बकाबका खाणारा बोका

प्रश्न : डॉक्टर, आमचा गुंड्या तीन वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. त्याला सकाळ-संध्याकाळ ड्राय फूड देतो. दाणे वाटीत पडायचा अवकाश, दोन मिनिटांत वाटी साफ. मग पाच-दहा मिनिटांत सगळं गालिच्यावर परत, बरेचसे दाणे अख्खेच्या अख्खे. ओकला की लगेच खेळायला मोकळा. शी नीट होते, वजन कमी झालेलं नाही. सासूबाई म्हणतात, मांजरं ओकतातच, त्यात काय एवढं! चार महिन्यांपूर्वी आम्ही चिंगी नावाची दुसरी मांजर आणली. तेव्हापासून हा प्रकार वाढलाय असं वाटतं. आता आठवड्यातून दोन-तीनदा होतं. काय करावं?

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की, आठवड्यातून दोन-तीनदा ओकणं हे ‘चालायचंच’ या सदरात बसत नाही. बहुतेक वेळा उपाय सोपा असतो, हे खरं. पण ‘मांजरं ओकतातच’ या एका वाक्यापायी वर्षभर घरीच राहिलेली आजारी मांजरं मी पुष्कळ पाहिली आहेत.

आधी एक काम करा. पुढच्या वेळी गुंड्या ओकेल तेव्हा फडकं आणायला धावू नका, मोबाईल काढा. मला व्हिडिओ हवा. उलटी होताना मांजर आधी अस्वस्थ होतं, ओठ चाटतं, लाळ गाळतं, मग पोट आत-बाहेर हलवत जोर लावतं. येणारं अन्न थोडंफार पचलेलं असतं, कधी त्यात पिवळं पित्त दिसतं. दुसऱ्या प्रकारात यातलं काहीच नसतं. मान खाली जाते आणि अन्न घरंगळत बाहेर येतं : न पचलेलं, चिकट, कधी नळीसारख्या आकाराचं. ते बहुधा पोटात पोचलेलंच नसतं, अन्ननलिकेतूनच परतलेलं असतं. भराभर खाणाऱ्यांमध्ये दोन्ही दिसतं. पण सावकाश खाऊनही अन्न असं घरंगळत राहिलं, तर अन्ननलिका तपासावी लागते. (मान लांब करून, जमिनीलगत बसून ‘खक् खक्’ केलं आणि बाहेर काहीच आलं नाही, तर तो खोकला असू शकतो. दम्याच्या मांजरांना ‘केसांचा गोळा अडकलाय’ म्हणून आणणारे बरेच जण भेटतात.)

गुंड्याला ‘नीट चावून खा’ असं सांगण्यात अर्थ नाही. मांजराला तीस दात असतात, पण ते मांस कापायचे. जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही, त्यामुळे दळणं नाहीच. छोटे दाणे तो सरळ गिळतो. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असतं. ते पोटात ओलावा शोषून फुगतं, पोट एकदम ताणलं जातं आणि माल परत. त्यातून मांजर मुळात एकट्याने शिकार करणारं. एका उंदरातून साधारण 30 कॅलरी मिळतात. चार किलोच्या घरातल्या मांजराला दिवसाला 200 ते 250 लागतात. म्हणजे दिवसभरात सात-आठ छोटी जेवणं, असा त्याचा निसर्ग. आपण त्याला दोनदाच वाढतो आणि वर हावरट म्हणतो.

आता चिंगीकडे येऊ, कारण माझ्या मते खरी गोम तिथे आहे. दोघांच्या वाट्या शेजारी-शेजारी असतील, तर गुंड्याचं लक्ष अन्नापेक्षा तिच्यावर जास्त. ती खाऊन टाकेल, म्हणून तो आधी संपवतो. भांडण दिसलं नाही म्हणजे चुरस नाही असं समजू नका. मांजरं ती गुपचूप करतात. वाट्या दोन हात लांब ठेवून भागत नाही. दोघं एकमेकांना दिसता कामा नयेत. एक एका खोलीत, दुसरी दुसरीकडे, मध्ये बंद दार. वीस मिनिटांनी दोन्ही वाट्या उचला, उरलं असेल तरी. नवी वाटी विकत घेण्याआधी हे करून पाहा.

मग प्रमाण. दिवसाचं खाणं किचनच्या वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढा आणि त्यातूनच चार-पाच वेळा द्या. एकूण तेवढंच, वाढवायचं नाही. दिवसभर घरी कुणी नसेल तर वेळ लावता येणारा ऑटोमॅटिक फीडर चांगला. पहाटे तुम्हाला उठवणंही बंद होईल. रात्रीचं शेवटचं खाणं झोपण्याआधी ठेवा, म्हणजे सकाळी तो वखवखलेला नसेल.

भांडं खोलगट नको. मोठ्या सपाट ट्रेमध्ये एकेक दाणा सुटा राहील असे पसरा. वेग तिथेच निम्मा होतो. मफिनचा साचा असेल तर प्रत्येक खळग्यात थोडे-थोडे टाका. उंचवटे असलेली स्लो फीडर वाटी मिळते, तीही चालते. मात्र चपट्या तोंडाच्या पर्शियनला खोल भुलभुलैया देऊ नका, बिचारीचं नाकच आड येतं. वाटीत टेबल टेनिसचा चेंडू टाकला तर तो बाजूला सारत खावं लागतं. गोटी किंवा तोंडात मावेल असं काहीही टाकू नका. ढकलला की दाणे सांडणारा पझल फीडर गुंड्यासारख्या खेळकर बोक्याला आवडेल. सुरुवातीला भोकं मोठी ठेवा, नाहीतर वैतागून सोडून देईल.

दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून दिले तर फुगायचं ते बाहेरच फुगतात. भिजवलेलं तास-दोन तासांत फेकून द्या. वेट फूड देत असाल तर लिक मॅटवर (चाटून खायच्या खडबडीत चटईवर) पातळ थापा. ब्रँड बदलायचा असेल तर सात ते दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात नवं मिसळत.

ओकल्यावर एक-दोन तास थांबा, मग थोडंसंच द्या. मात्र ‘पोटाला आराम’ म्हणून दिवसभर उपाशी ठेवू नका. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. आणि घरातल्या औषधांच्या डब्यातलं काहीही नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

दोन आठवडे हे सगळं करून पाहा. त्याआधी जंतांचं औषध वेळेवर झालंय का, ते तपासा. फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे न्याच. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं, दिवसभर जेवण सुटलं, मांजर मलूल झालं, पुन्हा पुन्हा ओकाऱ्या येऊ लागल्या, तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी जा. बोका ओकतोय आणि लघवीला बसून नुसता कुंथतोय, तर त्याच तासाला. तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. आत आतडं चिरलं जातं.

प्रश्न : माझी मांजर बारा वर्षांची आहे. जन्मभर निवांत खाणारी, पण दोन-तीन महिन्यांपासून अन्नावर तुटून पडते आणि ओकते. एवढं खाऊन बारीक दिसते. स्लो फीडर कोणता घेऊ?

उत्तर : कोणताच नको. गुंड्याचं उत्तर तुमच्यासाठी नाही. म्हातारपणी भूक वाढून वजन उतरणं हे थायरॉइड वाढल्याचं किंवा मधुमेहाचं लक्षण असू शकतं. आतड्याचे आजारही असे वागतात. या आठवड्यातच रक्त आणि लघवी तपासून घ्या. रक्तात टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन), साखर आणि किडनीच्या चाचण्या असू द्या. रक्तदाबही मोजायला सांगा. जुनं वजन लसीकरणाच्या कार्डावर असेल तर ते कार्ड सोबत न्या. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम उतरलं तर नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण ते दहा टक्के असतं. ती पाणी किती पिते, लिटर बॉक्समध्ये लघवीचे गोळे वाढलेत का, हे आजपासून लिहून ठेवा. डॉक्टर आधी तेच विचारतील.