आजीचा आजार नीटच्या निकालाला बांधू नका

मुलीला तिसऱ्यांदा नीट द्यायला लावून रिपीटर बॅचला घालावं का, असं तुम्ही विचारलंय. पत्रात तिचे नीटचे दोन्ही वेळचे गुण आहेत, कट-ऑफ आहे, रिपीटर बॅचची फी आहे. माझी नजर अडकली ती मधल्याच एका वाक्यावर : ‘आजीला बरं करायचं तर डॉक्टर व्हावंच लागेल, असं आम्ही तिला रोज सांगतो.’ साहेब, हे आजपासून थांबवा.

तुमच्या आईंना पार्किन्सन आहे आणि त्यांच्या गोळ्यांच्या वेळा ही मुलगीच सांभाळते, असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. म्हणजे एकोणीस वर्षांची पोर आजीचा थरथरता हात रोज डोळ्यांसमोर बघते. दोनदा गुण कमी पडले म्हणजे आपण आजीलाच कमी पडलो, असा हिशोब तुम्ही नकळत तिच्या डोक्यात घातलाय. या ओझ्याखाली तिसऱ्यांदा गुण वाढतील असं वाटतं तुम्हाला? आणि एमबीबीएस, एमडी, डीएम अशी दहा-बारा वर्षं घालवून झालेला न्यूरॉलॉजिस्टसुद्धा पार्किन्सन बरा करू शकत नाही. लेवोडोपासारख्या औषधांनी तो लक्षणं आटोक्यात ठेवतो, रुग्णाचं जगणं सुसह्य करतो. फार मोलाचं काम आहे ते. पण आजी बरी होईल हा शब्द त्यात कुणीच देत नाही. तो तुम्ही मुलीच्या वतीनं देऊन टाकलात.

तिच्या चार ओळी तुम्ही सोबत जोडल्यात, हे फार चांगलं केलंत. ‘मेंदूतल्या बाकीच्या पेशी टिकतात, मग त्याच का मरतात?’ असं ती विचारते. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या आतल्या भागातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागतो तेव्हा त्यांतल्या बऱ्याचशा आधीच गेलेल्या असतात. त्याच का, याचं पुरतं उत्तर आजही मिळालेलं नाही. रुग्ण तपासायची ओढ तिच्या ओळींत दिसली असती, तर तिसऱ्या प्रयत्नालाही मी हो म्हटलं असतं. मला दिसतोय तो संशोधकाचा प्रश्न.

मेंदूच्या रोगावर संशोधन करायला आधी एमबीबीएस लागतं, हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. जुनयिंग युआन यांचं उदाहरण घ्या. 1977 मध्ये चीनमधली प्रवेश परीक्षा दहा वर्षांनी पुन्हा सुरू झाली, तेव्हा ती देऊन त्या शांघायच्या फुदान विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकल्या आणि पुढे पीएचडीसाठी हार्वर्डला गेल्या. हंटिंग्टनसारख्या मेंदूच्या आजारात चेतापेशी का मरतात, हा प्रश्न त्यांच्या मनात बसला. त्यासाठी त्या गेल्या एमआयटीतल्या रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत, आणि तिथं काम होतं एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीवर! या कृमीच्या वाढीत 1090 पेशी तयार होतात आणि त्यांतल्या 131 ठरल्याप्रमाणे मरतात. म्हणजे मरणाची आज्ञा पेशीच्या जनुकांतच असते. यासाठी लागणाऱ्या एका जनुकाचं माणसातल्या एका एन्झाइमशी जवळचं नातं आहे, हे 1993 मध्ये युआन यांच्या कामातून पुढे आलं. हॉर्विट्झ यांना 2002 चं नोबेल मिळालं. पुढे 2005 मध्ये युआन यांच्या गटानं पेशीमृत्यूचा आणखी एक प्रकार, नेक्रोप्टोसिस, दाखवला आणि तो रोखणारा रेणूही शोधला. आता कडू भाग. या प्रकारातलं मुख्य प्रथिन अडवणारं एक औषध एएलएसच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) रुग्णांना देऊन पाहिलं, तर 2024 मध्ये त्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसला नाही. चार दशकांचं काम, आणि हातात अजून औषध नाही. हे मुलीला आत्ताच सांगा. ऐकूनही प्रश्न तिला सोडत नसेल, तर तिनं या वाटेला जावं.

वाट माहितीतलीच आहे : आयसर आणि नायसर या विज्ञान-संशोधनाच्या राष्ट्रीय संस्था. आयसरसाठी आयएटी आणि नायसरसाठी नेस्ट या प्रवेश परीक्षा (बारावीच्या वर्षाची अट आधी तपासा), नाहीतर जवळच्या कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम आणि पीएचडीसाठी नेट किंवा गेट या परीक्षा. पीएचडीत जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात. डॉक्टरांइतकी कमाई लवकर होणार नाही, याची घरात तयारी ठेवा.

आईंच्या गोळ्यांचं वेळापत्रक या आठवड्यापासून तुम्ही स्वतःकडे घ्या. आणि रिपीटर बॅचचा पहिला हप्ता भरण्याआधी मुलीला बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांवरच्या राष्ट्रीय संस्थेच्या मेंदू संग्रहालयात घेऊन जा. वेळ आधी विचारून घ्या. तिथं खरे मानवी मेंदू बघायला मिळतात. तिच्या शंका तिथल्या लोकांना तिलाच विचारू दे.