घरी रेकॉर्डिंगसाठी ड्रमचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? प्रीसेट गाण्यात बसत का नाही?

तुम्ही गिटार आणि आवाज घरीच रेकॉर्ड करता, ड्रम मात्र फुकटच्या सॉफ्टवेअरमधून घेता. प्रीसेट नुसता ऐकला की जबरदस्त वाटतो, गाण्यात घातला की गिटार दबते आणि ठेका मशीनसारखा वाजतो. म्हणून महागडं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत विचाराल तर आत्ता पैसे घालू नका. या दोन्ही तक्रारी सॉफ्टवेअर बदलून जात नाहीत.

प्रीसेट हा आधीच मिक्स करून ठेवलेला आवाज असतो, आणि तो पहिल्याच ठोक्याला आवडावा अशा बेताने केलेला असतो. रूम माइक (खोलीचा घुमारा टिपणारे) मोठ्या आवाजात, कॉम्प्रेशन (आवाजातला चढउतार दाबणं) कडक, स्नेअरवर, म्हणजे किटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमवर, लांबलचक रिव्हर्ब (घुमारा). जी जागा तुमच्या गिटारची, तीच त्याने आधी भरून टाकलेली असते. सॉफ्टवेअरमधलं मिक्सरचं पान उघडा. रिव्हर्ब बंद करा, मास्टरवरचा, म्हणजे सगळ्या किटवर एकत्र लावलेला कॉम्प्रेसर बायपास करा, रूमचा फेडर पूर्ण खाली घ्या. किट एकदम कोरडं वाटेल, वाटू द्या. आता गिटार आणि आवाज चालू ठेवूनच रूम थोडी थोडी वर आणा आणि गाताना शब्द अस्पष्ट व्हायच्या आत थांबा. ओव्हरहेडला, म्हणजे किटच्या वर टांगलेल्या माइकना, सहसा हात लावू नका, सगळं किट एका खोलीत वाजतंय हा भास तिथूनच येतो. स्नेअरची घुमणारी पट्टी गाण्याच्या सुराशी भांडत असेल तर ती एक-दोन सेमिटोन खाली ट्यून करा. इक्यूच्या (आवाजातले जाड-बारीक भाग कमीजास्त करण्याच्या) नादी लागण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

मशीनसारखं वाजण्याचं कारण बहुतेक वेळा व्हेलॉसिटी, म्हणजे ठोका किती जोरात पडला त्याचा आकडा. मिडीमध्ये (ठोके आकड्यांत लिहून ठेवायची पद्धत) ती 1 ते 127 असते, आणि माउसने ठोके भरले की सगळे एकाच आकड्यावर बसतात. चांगल्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे खऱ्या ड्रमची रेकॉर्डिंग वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हलक्या ठोक्याचं रेकॉर्डिंगच वेगळं असतं, नुसता आवाज कमी केलेला नसतो. सुपीरिअर ड्रमर 3 या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये 230 जीबीच्या वर रेकॉर्डिंग आहे, पण तुम्ही सगळं 127 वर ठेवलंत तर त्यातला फक्त सगळ्यात वरचा थर वाजणार. हाय-हॅटपासून (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीपासून) सुरुवात करा: मात्रेवरचा ठोका 95च्या आसपास, मधला 60-65. स्नेअरचे घोस्ट नोट, म्हणजे मधले जेमतेम ऐकू येणारे ठोके, 25 ते 40 मध्ये. क्वांटाइझ (ठोके अचूक मात्रेवर ओढून बसवणं) शंभर टक्के करू नका. आणि ड्रमरला हात दोनच असतात. क्रॅश (मोठी झांज) आणि स्नेअर एकत्र पडत असतील तर त्या क्षणी वरचा हॅट काढून टाका. ही एक गोष्ट केली तरी ऐकणाऱ्याला फरक कळतो.

हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही शिकता येतं. साध्या पॉप-रॉकला एमटी पॉवर ड्रम किट 2 पुरतं, पण त्याचा आवाज आधीच बराच प्रोसेस केलेला आहे. स्टीव्हन स्लेट ड्रम्स 5.5 ची फुकट आवृत्तीही चांगली आहे. पुढे खरंच घ्यायचं ठरलं तर तुमच्यासारख्या गिटार वाजवून गाणाऱ्याला मी ईझीड्रमर 3 सुचवेन. त्यातल्या बँडमेटमध्ये आपल्या गिटारचं रेकॉर्डिंग टाकलं की त्याला जुळणारे ठेके समोर येतात. सुपीरिअर ड्रमरची घाई नको. प्रत्येक माइक स्वतः मिक्स करायची हौस असेल तरच तो कामाचा, आणि त्याला डिस्कही तेवढी लागते.

ठेका शोधताना एक लक्षात ठेवा. आपली बरीच गाणी दादऱ्याच्या चालीची असतात. लायब्ररीत 6/8 चा फिल्टर लावा, नाहीतर 4/4 च्या रॉक ठेक्यांच्या ढिगात तासन्‌तास जातील.

पॅडवर हाताने वाजवत असाल तर ऑडिओ बफर (संगणक एका वेळी किती आवाज हाताळतो ती सेटिंग) 128 सॅम्पल ठेवा, म्हणजे ठोका उशिरा ऐकू येत नाही; मिक्स करताना 512 किंवा 1024.

गाण्यात ढोलकी किंवा तबला हवा असेल तर मात्र सुट्या सॅम्पलवर भागवू नका. डग्ग्यावर तळहात दाबून काढलेली मींड एकेका ठोक्याच्या सॅम्पलमधून येत नाही. किक आणि शेकर सॉफ्टवेअरमधून घ्या, क्लिक (लय धरायला मेट्रोनोमची टिकटिक) लावा आणि ओळखीतल्या एखाद्या वादकाला बोलवून ढोलकी माइकवरच रेकॉर्ड करा.