पट सांगू नको, दोन तारखा सांग

प्रिय बेटा,

"काका, लाँग टर्म लाँग टर्म करता, सांगा ना बाप्पा, म्हणजे नेमकं किती?" असं तू विचारलंस. समोर तुझे बाबा होते, म्हणून मी विषय बदलला. प्रश्न मात्र बरोबर आहे. तीन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं अशी उत्तरं तुला मिळाली असतील. ती सगळी बाजूला ठेव.

बायोकॉन या औषध कंपनीचा शेअर मी 2004 च्या मार्चमधल्या इश्यूत, म्हणजे कंपनीने पहिल्यांदा लोकांना शेअर विकले तेव्हा घेतला. भाव 315 रुपये. तेव्हा फॉर्मला चेक जोडून द्यावा लागायचा. इश्यू तीसपटीच्या वर भरला, त्यामुळे मागितले त्या मानाने हाती अगदीच थोडे आले. मग 2008 मध्ये एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या एका शेअरवर एक नवा फुकट, 2017 मध्ये एकावर दोन, 2019 मध्ये दोनावर एक. एका शेअरचे नऊ झाले. म्हणजे माझी खरेदी आजच्या हिशोबाने 35 रुपयांची. हे ऐकलं की तुझ्या ऑफिसातली पोरं डोळे मोठे करतात आणि "काका, किती पट झाले?" विचारतात. पट सांगू नये बेटा. दोन तारखा सांगाव्यात, घेतल्याची आणि विकल्याची किंवा मोजल्याची.

आता माझ्यासोबत बस आणि आकडे मांड. डिसेंबर 2020 अखेर भाव साधारण 465. नऊ शेअर म्हणजे 4,185 रुपये, तेरापटीच्या वर. पावणेसतरा वर्षांत हे झालं, म्हणजे वर्षाला साडेसोळा टक्क्यांच्या आसपास. त्याच काळात सेन्सेक्स 5,600 वरून 47,700 वर गेला, साडेआठ पट. बायोकॉन जिंकला. आता दुसरी तारीख सव्वादोन वर्षं पुढे सरकव, मार्च 2023. भाव दोनशेच्या थोडा वर. नऊ शेअर 1,850 च्या घरात, पट सहाच्याही आत, वर्षाला दहा टक्केही नाहीत. सेन्सेक्स तोवर 59,000 च्या जवळ, साडेदहा पट, वर्षाला तेरा टक्के. बायोकॉन हरला. (लाभांश दोन्हीकडे सोडलाय, तो धरून निकाल फिरत नाही.)

शेअर तोच, माणूस तोच, पहिली तारीख तीच. फक्त दुसरी तारीख बदलली. म्हणून "बायोकॉनचा लाँग टर्म परतावा" असं काही नसतंच. दोन तारखांमधला परतावा असतो.

तू बायोकॉन घेतलास, ती तुझी पहिली तारीख जानेवारी 2021, भाव साडेचारशेच्या वर. पगारातून उरवलेले पैसे होते, हे मला ठाऊक आहे. 460 चे 206 झाले की पंचावन्न टक्के गेले, पण परत 460 वर यायला पंचावन्न टक्के पुरत नाहीत, एकशेवीसच्या वर लागतात. हे गणित तुला शाळेत शिकवलंय. तरी तू "आता अर्धं तरी भरून निघेल" म्हणत खाली पुन्हा घेतोस आणि सरासरी उतरली म्हणून खूश होतोस! सरासरी हा तुझ्या ॲपमधला आकडा आहे. कंपनीला तो माहीत नाही.

तुझे बाबा काटोलच्या संत्राबागेचा दाखला देतात, पाचव्या वर्षी फळ धरतं, थांब म्हणतात. मग पुढच्याच वाक्याला नागपुरात बेसाला तू घेतोयस त्या फ्लॅटसाठी विकून टाक म्हणतात. त्यांचा आदर ठेवून सांगतो, दाखला चुकीचा आहे. झाडाला फळ कधी येणार याचा अंदाज असतो. औषधाला मंजुरी मिळेल की नाही याचा नसतो. बायोकॉनने मायलॅन या अमेरिकी औषध कंपनीशी करार केला 2009 मध्ये. कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाच्या बायोसिमिलरला, म्हणजे मूळ जैविक औषधासारख्याच दुसऱ्या कंपनीच्या औषधाला, अमेरिकेत मंजुरी आली डिसेंबर 2017 मध्ये. मधली आठ वर्षं चाचण्या, कागद, प्लँटच्या तपासण्या. अमेरिकेचा इन्स्पेक्टर प्लँटमध्ये येऊन चार निरीक्षणं लिहून गेला तरी भाव हलतो. औषध मंजूर झालं तरी अमेरिकेत त्याची किंमत टिकेल याची खात्री नाही, कारण तेच औषध आणखी चार जण आणतात. आणि 2022 मध्ये व्हायट्रिसचा (मायलॅन त्यातच विलीन झाली) बायोसिमिलर धंदा तीनशे कोटी डॉलर्सहून अधिक किमतीला घेतला, त्याचं कर्ज डोक्यावर आलं. या गोष्टी तुझ्या ईएमआयच्या तारखा बघून घडत नाहीत.

म्हणून विचारतो: दुसरी तारीख, विकायची, कोण ठरवणार? तू की बिल्डर? बुकिंगची रक्कम, स्लॅबप्रमाणे हप्ते, सगळ्याच्या तारखा बिल्डरच्या. तारीख दुसऱ्याची असलेला पैसा या शेअरमध्ये ठेवायचाच नाही. शेअर चांगला की वाईट, हा प्रश्नच तिथे येत नाही.

माझ्याकडे बघून "काका तर धरूनच बसलेत" असं म्हणू नकोस. 2008 च्या अखेरीस बोनस धरूनही भाव इश्यूच्या भावाखाली गेला होता आणि त्याच काळात मुलीची फी भरायची होती. मी शेअर विकले नाहीत. पतसंस्थेचं कर्ज काढलं. तुझी काकू अजून ते काढते. "विकायचे नव्हते तर घेतले कशाला?" म्हणते. मी आजही म्हणतो, बरोबर केलं. ती तारीख शाळेची होती, माझी नव्हती. 2020 च्या डिसेंबरात निम्मे तरी काढायला हवे होते असं मुलगा म्हणतो. त्याला 2023 चा भाव माहीत आहे म्हणून म्हणतो! मला तेव्हा कशाचीच गरज नव्हती. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून धंतोलीत दवाखान्यांच्या दारात बॅग घेऊन उभा राहून आयुष्य काढलं, पेन्शन नाही, तरी घरखर्चातला एक रुपयाही या शेअरवर अवलंबून नाही. सेन्सेक्सने मला हरवलं तर हरवलं. ही कंपनी मला आवडते. किरण मजुमदार-शॉ यांनी 1978 मध्ये बंगळूरच्या गॅरेजमधून सुरू केली, एन्झाइमपासून इन्सुलिनपर्यंत आली. माझा हट्ट मला परवडतो. तुला परवडतो का, ते तुझ्या तारखांवरून ठरव.

आता कामाचं. फ्लॅटला लागणारी रक्कम वेगळी काढ, तेवढे शेअर विक. आजचा भाव काय आहे ते मी मुद्दाम लिहीत नाही, त्याने तुझा निर्णय बदलायला नको. बारा महिन्यांहून जुने आहेत ते करासाठी लाँग टर्ममध्ये जातील. नफा असेल तर वर्षाच्या सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यावरच्या रकमेवर साडेबारा टक्के. तोटा असेल तर रिटर्न मुदतीत भर, म्हणजे पुढची आठ वर्षं लाँग टर्म नफ्यातून वजा करता येईल. मागे एकदा तू रिटर्नची मुदत चुकवलीस, तसं या वेळी चालणार नाही. खाली पुन्हा घेतलेल्यांच्या तारखा वेगळ्या मोज, आणि लक्षात ठेव की विकताना आधी घेतलेले आधी जातात.

उरलेल्यांसाठी कागदावर एक तारीख लिही. भाव नाही, तारीख. रविवारी लक्ष्मीनगरला ये तेव्हा तो कागद आण, कॉन्ट्रॅक्ट नोटाही (ब्रोकरने दिलेले खरेदी-विक्रीचे कागद) आण. बाबांनाही घेऊन ये. काटोलच्या बागेवरून मला त्यांच्याशी भांडायचंच आहे.

तुझा,
काका